दहापैकी नऊ मार्क आणि आज्जीची मिश्री

पेपर कसा वाचायचा, त्यातली पद्धत कशी तपासायची, हे आपण इथं नेहमी बघतो. आज मात्र पेपर नाही, एक पोस्टर वाचायचंय. पेट झालेल्यांनी, कोर्सवर्क करणाऱ्यांनी आणि सायनॉप्सिस लिहीत बसलेल्यांनी हे जरूर वाचा. पेपरमध्ये ज्या चुका पकडायला आपल्याला शिकवतात, त्याच पोस्टरमध्ये उघड्यावर असतात आणि तरी दिसत नाहीत. मलाही दिसल्या नव्हत्या. माझ्या आज्जीनं दाखवल्या.

राधानगरीजवळ आमच्या गावात मागं आरोग्याचं व्याख्यान झालं. कुणी भरवलं, कोण बोललं ते सांगत नाही, कारण तसलं पोस्टर तुमच्याही गावात लागलेलं असणार. वर मोठ्या अक्षरात ‘दहा सवयी पाळा, कर्करोग टाळा’. खाली दहा चौकोन: धूम्रपान टाळा, दारू टाळा, वजन आटोक्यात ठेवा, रोज अर्धा तास चाला, फळं-पालेभाज्या खा, लाल मांस कमी करा, साखर कमी करा, प्लास्टिक टाळा, ताण घेऊ नका, नियमित तपासणी करा. सगळ्यात तळाला, ‘४० टक्के कर्करोग टाळता येतात’. धूम्रपानाच्या चौकोनात पेटलेली सिगारेट आणि तिच्यावर लाल काट.

व्याख्यान ऐकून आज्जी घरी आली ती खुशीत. म्हणाली, “मी कधी दारूला हात लावला न्हाई. सिगरेट तर हातात धरून बघितलीबी न्हाई. रानात जाऊन-येऊन चालणं हुतंयच की. तपासणी तेवढी न्हाई झाली कधी. म्हंजे धातलं नऊ मिळालं न्हवं मला? पास!”

एवढं बोलून तिनं कमरेची डबी काढली, बोटावर मिश्री घेतली आणि हिरडीला लावली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मिश्री म्हणजे मशेरी. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची. दात घासायच्या निमित्तानं दिवसातून तीन-चार वेळा हिरडीला लावायची. आमच्या भागात जुन्या बायका हिला व्यसन म्हणत नाहीत, दात घासणं म्हणतात. तंबाखूला आम्हाला लांब जावं लागत नाही, निपाणीचा तंबाखूपट्टा जवळच आहे. आज्जीला लग्नानंतर दाढ दुखायला लागली तेव्हा सासूनं ही डबी दिली. आता पन्नास वर्षं झाली.

म्हणजे पोस्टरच्या हिशेबानं आज्जी पहिल्या वर्गात पास. आणि तिच्या तोंडात खालच्या हिरडीजवळ एक पांढरा चट्टा आहे.

पहिली चूक: चौकोनात कोण बसतं?

संशोधनाच्या भाषेत याला एक्स्पोजरची व्याख्या म्हणतात. कोणत्या गोष्टीचा परिणाम मोजायचाय, ती आपल्या लोकांत कोणत्या रूपात असते? पोस्टर बनवणाऱ्यानं ‘तंबाखू’ऐवजी ‘धूम्रपान’ लिहिलं. शब्द एकच बदलला, पण बघा काय होतं.

दुसरं जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षण भारतात २०१६-१७ मध्ये झालं. त्यानुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या लोकांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. ओढणारे होते ३.८ टक्के. खाणारे, चघळणारे, लावणारे २४.४ टक्के. दोन्ही करणारे काही आहेत, म्हणून बेरीज जुळत नाही. म्हणजे सिगारेटचं चित्र काढून पोस्टरनं महाराष्ट्रातल्या तंबाखू वापरणाऱ्या बहुसंख्य लोकांना बाहेर सोडलं. आज्जी त्यांतलीच एक.

मिश्री धूर नसलेली आहे म्हणून सौम्य आहे असंही नाही. धूरविरहित तंबाखू माणसात कर्करोग करते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं, म्हणजे आयएआरसीनं, कधीच दिलेला आहे. तंबाखूत नायट्रोसअमाइन्स असतात. मिश्री तर भाजलेली, त्यामुळं जळण्यातून तयार होणारी बेन्झोपायरीनसारखी संयुगंही त्यात येतात. आणि गोष्ट फक्त कर्करोगाची नाही. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा एक अभ्यास २००४ मध्ये बीएमजेमध्ये आला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं. तंबाखूच्या त्या प्रकारांत मिश्रीही होती.

दुसरी चूक: दहा चौकोन, सगळे सारखे

पोस्टरवर प्रत्येक सवयीला एकसारखा चौकोन आहे. म्हणून आज्जीनं प्रत्येकी एक मार्क धरला. तिचं गणित बरोबर होतं, पेपर सेट करणाऱ्याचं चुकलं.

या दहांमागचा पुरावा एका वजनाचा नाही. धूम्रपानाचं बघा. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांचा अभ्यास सुरू केला. त्यातले ३४ हजारांवर पुरुष डॉक्टर पन्नास वर्षं पाहण्यात होते. २००४ चा निष्कर्ष असा की सतत सिगारेट ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं लवकर गेले. दारू आणि लठ्ठपणा यांचेही पुरावे पक्के आहेत, पण परिणामाचा आकार आणि कर्करोगाचे प्रकार वेगळे. व्यायामाचा फायदा मोठ्या आतड्याच्या आणि स्तनाच्या कर्करोगात चांगला दिसतो. ‘ताण घेतला म्हणून कर्करोग झाला’ याला मात्र तेवढा भक्कम आधार नाही. ताणामुळं माणूस तंबाखू वाढवतो, झोप घालवतो, ते वेगळं. मग ताण हे कारण की तंबाखू? इथं तुम्हाला कन्फाउंडिंग आठवायला पाहिजे.

याच ठिकाणी वर्तमानपत्रंही फसतात. २०१५ मध्ये आयएआरसीनं प्रक्रिया केलेल्या मांसाला गट १ मध्ये टाकलं. तंबाखूही गट १ मध्येच. लगेच बातम्या आल्या की दोन्ही सारखेच घातक. पण हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. विंचू चावतो हे पक्कं, नाग चावतो हेही पक्कं. म्हणून दोघांचं विष सारखं होत नाही.

त्याच अहवालात होतं की रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. ऐकायला मोठं वाटतं. आता समजा, एखाद्या ठिकाणी हजारात दहा जणांना हा आजार होतो. १८ टक्के वाढ म्हणजे हजारात साधारण बारा. वाढ खरी आहे, पण ती हजारात दोनाची. सापेक्ष धोका आणि प्रत्यक्ष धोका यांतला फरक व्हायवाला हमखास विचारतात, म्हणून हे उदाहरण लक्षात ठेवा. आणि हो, आपला मटणाचा तांबडा रस्सा ‘प्रक्रिया केलेलं मांस’ या व्याख्येत येत नाही. तो लाल मांसात येतो, ते गट २ए मध्ये आहे, तिथं पुरावा कमी पक्का आहे. रविवारी निवांत खा, रोज नको.

तिसरी चूक: ४० टक्के कुठले?

हा आकडा कुठून आला ते पोस्टरवर नाही. ‘दहापैकी चार कर्करोग टाळता येतात’ हे वाक्य ब्रिटनच्या एका अभ्यासामुळं जगभर फिरलं. २०१५ मधल्या तिथल्या कर्करोगांपैकी ३७.७ टक्के माहीत असलेल्या, टाळता येणाऱ्या कारणांमुळं होते, असा त्यांचा हिशेब होता. त्यात तंबाखूचा वाटा सुमारे १५ टक्के आणि जास्त वजनाचा सुमारे ६ टक्के.

या आकड्याला पॉप्युलेशन अॅट्रिब्युटेबल फ्रॅक्शन म्हणतात. तो दोन गोष्टींवर ठरतो: ती सवय किती घातक आहे आणि ती किती लोकांना आहे. सूत्र सोपं आहे. सवय असलेल्या लोकांचं प्रमाण गुणिले (सापेक्ष धोका वजा एक). जे येईल त्याला, त्याच संख्येत एक मिळवून, भागायचं.

करून बघू. समजा तोंडाच्या कर्करोगासाठी तंबाखूचा सापेक्ष धोका ५ आहे. हा आकडा मी फक्त गणितासाठी धरलाय, कुठं उद्धृत करू नका. एका गावात २४ टक्के लोक ती खातात. ०.२४ गुणिले ४ म्हणजे ०.९६. भागिले १.९६. उत्तर सुमारे ४९ टक्के. दुसऱ्या गावात फक्त ४ टक्के खातात. ०.१६ भागिले १.१६. सुमारे १४ टक्के. तंबाखू तीच, शरीर तेच, तरी एका गावात निम्मे आजार टळतील आणि दुसऱ्यात सातातला एक.

म्हणून ब्रिटनचा आकडा राधानगरीच्या भिंतीवर चिकटवता येत नाही. तिथं मिश्री नाही. इथं कारणांचा क्रमच वेगळा लागेल.

आपला क्रम लावायला आपली मोजणी लागते. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. ठरलेल्या गावांतली लोकसंख्या माहीत, तिच्यातले रुग्ण शोधून मोजलेले, म्हणून तिथं दर काढता येतो. नुसत्या दवाखान्यातल्या गर्दीवरून ‘आमच्या तालुक्यात कर्करोग लई वाढला’ म्हणणं वेगळं. गर्दी वाढायला तपासण्या वाढल्या, लोक जास्त जगायला लागले, बाहेरचे रुग्ण यायला लागले, अशी बरीच कारणं असू शकतात. वर रुग्ण आहेत, पण खाली भागायला काही नाही, तर तो दर होत नाही.

आता माझी स्वतःची चूक

दुसऱ्याच्या पोस्टरवर एवढं बोलले, तर माझंही सांगते. मी बायोकेमिस्ट्रीची. माझं काम आपल्या जंगलातल्या करवंदा-जांभळांतल्या अँटिऑक्सिडंटवर आहे. सायनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, “या फळांतील अँटिऑक्सिडंट घटकांमुळे कर्करोगाचा धोका कमी होतो.” पुरावा काय, तर परीक्षानळीतली डीपीपीएच चाचणी. जांभळा रंग फिका झाला आणि मी थेट कर्करोगावर उडी मारली. गाईडनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि समासात एकच शब्द लिहिला: ‘फिनलंड?’

शोधलं तेव्हा कळलं. फळं-भाज्या जास्त खाणाऱ्यांत आणि रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त असणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसायचा. मग गोळीच दिली तर? फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी जानेवारी १९९६ मध्ये मध्येच थांबवावी लागली, तिथं वाढ २८ टक्के होती.

भाजी खाणारा माणूस इतरही बऱ्याच बाबतींत वेगळा असतो. कमी ओढतो, कमी पितो, त्याचं उत्पन्न वेगळं असतं. आपण त्याच्या ताटातलं एक संयुग उचललं आणि श्रेय त्याला दिलं. भाजी खाणं चांगलंच आहे, पण त्यातला रेणू वेगळा काढला की तेच फळ मिळेल असं नाही. ते वाक्य मी काढलं. तुमच्या सायनॉप्सिसमध्ये असलं तर तुम्हीही काढा.

दहावा चौकोन आणि उस्मानाबाद

पोस्टरवर सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात, ‘नियमित तपासणी करा’. कसली, कुणी, किती वर्षांनी, काही नाही. खरं तर महाराष्ट्राच्या खेड्यांतला सगळ्यात भक्कम पुरावा याच चौकोनामागं आहे.

तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायकांवर एक चाचणी झाली. गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे, यादृच्छिक पद्धतीनं, चार भागांत वाटले. तीन भागांत गर्भाशयमुखाची तपासणी वेगवेगळ्या पद्धतीनं एकदाच केली. चौथ्या भागात नेहमीची सेवा आणि तपासणी कुठं होते याची माहिती. २००९ मध्ये निकाल आला. एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. गटांचा आकार धरून हिशेब केला तर मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीनं.

आता हा निकाल उलटा वाचा. ज्या बायकांना फक्त ‘तपासणी तिकडं होते’ असं सांगितलं, त्या दुप्पट दगावल्या. आपलं पोस्टर नेमकं तेच करतं. सांगतं आणि निघून जातं.

या अभ्यासावर टीकाही झाली आणि ती तुम्ही वाचायला पाहिजे. तपासणीचा उपयोग होतो हे जगाला आधीपासून माहीत असताना हजारो बायकांना तपासणीशिवाय ठेवणं योग्य होतं का? बाजूनं बोलणारे म्हणाले, त्या भागात तपासणी नव्हतीच, नेहमीची सेवा तीच होती. मला स्वतःला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. तरी त्या ६४ बायकांमुळं आज आपण ठामपणे बोलू शकतो, हेही खरं. नैतिकतेच्या प्रकरणात फक्त संमतीपत्राचा नमुना जोडून मोकळं होऊ नका, हा प्रश्न लिहून त्याच्यापुढं थोडं बसा.

‘सवय सोडा’ म्हणजे नक्की काय करायचं?

‘जीवनशैली’ या शब्दातच अशी समजूत आहे की माणसानं दुकानातून निवडल्यासारखी ती निवडली. आज्जीनं मिश्री निवडली नव्हती. दाढ दुखत होती, दवाखाना लांब होता, सासूनं डबी दिली. आता निकोटीन तिला सोडत नाही. सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं ती म्हणते.

मग सांगून काही उपयोग होतो का? होतो, पण कसं सांगता त्यावर आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडूतांच्या तोंडांची पाहणी प्रसिद्ध केली. पुढं त्यांनी एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या जिल्ह्यांत ३६ हजारांहून जास्त तंबाखू वापरणाऱ्यांना गाठलं. दरवर्षी घरी जायचं, तोंड तपासायचं, समोर बसून तंबाखूबद्दल बोलायचं. पाच वर्षांचा निकाल १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. पाठपुरावा नीट झाला तिथं तंबाखू सोडणारे आणि कमी करणारे वाढले आणि तोंडातले नवे पांढरे चट्टे, ल्युकोप्लाकिया, कमी झाले.

याच्यातही खोट काढता येते. तुलनेचा गट त्याच वेळचा नव्हता, त्याच भागांत आधी झालेल्या पाहणीतला होता. मधल्या काळात बाकीचंही बरंच बदललं असेल. आणि मोजलं ते चट्ट्यांना, कर्करोगाला नाही. चट्टा कमी झाला म्हणजे कर्करोग तेवढाच कमी होईल, हे गृहीत आहे. तरी मला हा अभ्यास आवडतो. त्यात लोकांना दहा गोष्टी सांगितल्या नाहीत. एक सांगितली, पुन्हा पुन्हा सांगितली आणि प्रत्येक वेळी तोंड उघडून बघितलं.

मग मी आज्जीला काय सांगितलं? आधी ते ब्रिटिश डॉक्टर आठवले. साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यांनाही सरासरी तीन वर्षं जास्त मिळाली. पण ते पुरुष, ते डॉक्टर, ती सिगारेट. आज्जी यातलं काहीच नाही. म्हणून तिला वर्षांचा हिशेब दिला नाही. एवढंच म्हणाले, “आज्जी, पोस्टर चुकलंय. पहिल्या चौकोनात मिश्रीपण येती. त्या चौकोनाला एक मार्क न्हाई, लई मार्क हाईत.”

ती गप्प बसली. मग म्हणाली, “मग त्यांनी डबीचं चित्र का न्हाई काढलं?”

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

कोल्हापूरला नेऊन तोंड तपासलं. डॉक्टरांनी चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्टमध्ये पेशींत वाईट बदल नाहीत, पण दर तीन महिन्यांनी दाखवायला सांगितलंय. मिश्री चार वेळांवरून दोनवर आली आहे. सुटलेली नाही. संध्याकाळची सुटणं अवघड जातंय, शेजारच्या बायका तेव्हाच जमतात.

तुमच्यासाठी या वेळचं काम: तुमच्या गावातलं, कॉलेजातलं किंवा दवाखान्यातलं एक आरोग्याचं पोस्टर घ्या. प्रत्येक ओळीसमोर चार प्रश्न लिहा. हे आपल्या लोकांत कोणत्या रूपात आहे? किती लोकांत आहे? धोका किती, आणि कशाच्या तुलनेत? हे कोणत्या प्रकारच्या अभ्यासातून कळलं? उत्तर सापडत नसेल तर जागा रिकामी ठेवा. त्या रिकाम्या जागांतूनच तुमचा संशोधनाचा प्रश्न निघेल.

मी आमच्या गावासाठी नवीन पोस्टर करतेय. चौकोन तीनच आहेत. पहिल्यात डबी आहे, चित्र आज्जीच्या डबीवरूनच काढलंय.